काचेच्या दारामागची मोटार

१

सकाळी ड्रायव्हरकाकांनी नेहमीसारखा गॅरेजचा पडदा बाजूला सारला आणि तो तसाच हातात धरून ते उभे राहिले. काचेच्या दारामागे मोटार नव्हती. पांढऱ्याशुभ्र फरशीवर ऊन आलं होतं, आणि ते ऊन अडवायला तिथे काहीच उरलं नव्हतं.

ही काही साधीसुधी मोटार नव्हती. भाऊसाहेबांच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. गडद लाल रंग, पितळी दिवे, आणि तोंड पाहावं इतकं चकचकीत बॉनेट. भाऊसाहेबांनी तिच्यासाठी रस्त्याकडे तोंड करून काचेच्या दाराचं गॅरेज बांधलं होतं आणि आत खास दिवा लावला होता. बंगल्यात येणाऱ्याला तिच्यावरूनच जावं लागे. बँकेचा साहेब येवो नाहीतर फर्निचरच्या शोरूमचं मोठं गिऱ्हाईक येवो, मोटारीपाशी दोन मिनिटं थांबून मान डोलावल्याशिवाय कुणी दिवाणखान्यात शिरत नसे. तिला चालताना बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. पण नुसतं उभं राहूनच ती भाऊसाहेबांची इतकी कामं करत होती की चालायची तिला गरजच पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची तपासनीस आली. ऑफिसात तिला पाठीमागे सगळे शंकाबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तिचा पगारच शंका घेण्याबद्दल मिळत होता.

येता येता ती चौकीवर डोकावून आली होती. फौजदारांच्या मते प्रकरण सरळ होतं. कुलूप फोडलेलं नाही, किल्ल्या दोनच, एक मालकाकडे आणि एक ड्रायव्हरकडे. मालक स्वतःची मोटार कशाला चोरेल? म्हाताऱ्याला त्यांनी आदला अख्खा दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं आणि संध्याकाळी ताकीद देऊन घरी पाठवलं होतं. आता ते विम्याच्या अहवालाची वाट पाहत होते. शंकाबाईंनी 'घरच्या माणसाकडून चोरी' एवढं लिहिलं की म्हातारा आत जाणार होता.

"उद्यापर्यंत द्या," फौजदार म्हणाले होते. "उगाच लांबवण्यात अर्थ नाही."

इतकं सरळ प्रकरण शंकाबाईंना कधीच आवडत नसे.

२

भाऊसाहेबांनी तिला दिवाणखान्यात बसवलं. सोनेरी काठाच्या कपातून चहा आला. भाऊसाहेबांचा कोट इस्त्रीचा, बूट चकचकीत आणि चेहरा घरचं माणूस गेल्यासारखा होता. तो चेहरा खोटा नव्हता. मोटार गेल्याचं दुःख त्यांना खरोखरच झालं होतं.

त्यांचं म्हणणं असं की मोटार गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ते नवराबायको एका मोठ्या समारंभाला गेले होते. ड्रायव्हरकाकांनीच रोजच्या गाडीतून त्यांना नेलं आणि उशिरा परत आणलं. गॅरेजचा पडदा तेव्हा ओढलेलाच होता, त्यामुळे आत कुणी पाहिलं नाही. मग पहाटे त्यांना जाग आली ती इंजिनाच्या आवाजाने.

"मला वाटलं, काका पुसायला बाहेर काढतायत," ते म्हणाले. "म्हणून उठलो नाही. तो आवाज मी विसरणं शक्य नाही, मॅडम. लहानपणापासून ऐकतोय."

बायकोने मान हलवली. तिनेही ऐकला होता म्हणे. पण हे सांगताना ती शंकाबाईंकडे न बघता नवऱ्याकडे बघत होती.

"किल्ल्या दोनच?"

"तिसरी वडिलांची होती. ते गेले तेव्हाच हरवली. कुणावर आळ घ्यायला जीभ रेटत नाही, पण काकांची खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे. मला समोरच्या खोलीत आवाज येतो आणि त्यांना डोक्याखाली येत नाही, हे कसं?"

जीभ रेटत नाही म्हणता म्हणता भाऊसाहेबांनी आळ अगदी नीट बसवून ठेवला होता. शंकाबाईंनी चहा संपवला आणि पाणी मागितलं. ते आणायला कुणी उठायच्या आत ती स्वतःच स्वयंपाकघराकडे निघाली. ही तिची जुनी खोड होती. दिवाणखाना लोक पाहुण्यासाठी मांडतात, घर मागे सुरू होतं. इथे मागच्या बोळात दिव्याच्या जागी नुसता होल्डर लोंबत होता. पडदे फक्त रस्त्याकडच्या खिडक्यांना होते. सोनेरी काठाचे कप ट्रेवर वेगळे ठेवले होते आणि फळीवरच्या रोजच्या कपांपैकी एकाचाही कान शाबूत नव्हता. मोटारीचा विमा भाऊसाहेबांनी याच वर्षी चांगलाच वाढवला होता, हे तिला पाणी पिता पिता आठवलं.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. पण म्हणून म्हातारा सुटत नव्हता. कडकीत असलेल्या माणसाचीही मोटार चोरीला जाऊ शकते.

३

ड्रायव्हरकाका गॅरेजच्या पायरीवर बसले होते. गणवेशाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपी मांडीवर. चौकीतल्या एका दिवसाने माणूस खचला होता, पण बटणं लावायला विसरला नव्हता.

शंकाबाईंनी विचारलं, पहाटे काही ऐकलं का? नाही म्हणाले. झोप गाढ लागते का? तेही नाही. या वयात कसली झोप, मांजर गेलं तरी जाग येते.

"मग इंजिनाचा आवाज कसा नाही आला, काका? साहेब म्हणतात, त्यांना आला."

काकांनी टोपी उलटी केली आणि तिच्या अस्तराकडे बघत राहिले. "साहेब म्हणत असतील तर आला असेल," ते म्हणाले.

स्वतःच्या गळ्याला फास लागत असताना इतकं शांत बोलणारा माणूस एकतर निर्ढावलेला असतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. यातलं कुठलं, ते शंकाबाईंना कळेना. तिने विषय बदलला आणि ती गॅरेजमध्ये शिरली. आत टर्पेंटाइनचा वास होता. कोपऱ्यात पॉलिशचे डबे आणि चिंध्यांचा ढीग होता. वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर काकांची खोली.

"हे इथे कधीपासून?"

आठवड्याभरापासून, काका म्हणाले. शोरूममध्ये जागा नाही म्हणून साहेबांनी आणून टाकलं. साहेब अलीकडे फार काळजी घेतात. पुढच्या आठवड्यात दोन दिवस रजा घ्या, कुठे तरी जाऊन या, असं आपणहून म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मग कुठे जाणार होतात?"

"मला कुठे जायचंय? माझं जे काय आहे ते वरच आहे."

शंकाबाई बाहेर येऊन मागच्या बाजूला गेली. गॅरेजमागे भिंतीला टेकवून ठेवलेला एक मोठा पत्र्याचा ट्रे तिच्या नजरेला पडला. तळाला काळी वाळू घट्ट चिकटली होती. हा कशाचा म्हणून विचारलं तर काका क्षणभर खुलले. जुन्या इंजिनाला गळती असतेच, ते म्हणाले. थोरले मालक म्हणायचे, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे. तेव्हा मोटारीखाली कायम हा वाळूचा ट्रे असायचा आणि त्यातली वाळू बदलायचं काम काकांचं. मग भाऊसाहेबांनी नवी पांढरी फरशी घातली आणि ट्रे बाहेर गेला. काचेतून बरा दिसत नव्हता.

"मग तेल कुठे गळायचं?"

काका एवढंच म्हणाले, "बाई, मी या घरचं मीठ खाल्लंय. थोरल्या मालकांना शब्द दिलाय. मला यापुढचं विचारू नका."

शंकाबाई आत परतली आणि गुडघ्यांवर बसली. तिने पर्समधला पांढरा रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि मोटार जिथे उभी असायची तिथल्या फरशीच्या सांध्यांतून दाबून फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. फरशी पुसता येते, पण सांध्यातलं तेल निघत नाही. तिने रुमाल उजेडात धरला.

रुमाल पांढराच होता.

४

तेलाचा टिपूस नाही म्हणजे इंजिन नाही. आणि इंजिन नसलेल्या मोटारीचा आवाज भाऊसाहेबांनी पहाटे ऐकला होता.

म्हणजे भाऊसाहेब खोटं बोलत होते. पण का? मोटार त्यांनीच नाहीशी केली म्हणावं, तर पॉलिशचे डबे, चिंध्या आणि काकांची रजा यांची संगती लागत नव्हती. ती तयारी चोरीची नव्हतीच, आगीची होती. मोटार जळून गेली असती तर आत काय होतं आणि काय नव्हतं, ते कोण बघणार? मग आगीची जय्यत तयारी केलेला माणूस मध्येच चोरीचा घाट कशाला घालेल? मोटार दुसऱ्याच कुणीतरी नेली होती. आणि ज्याने नेली त्याच्याकडे तिसरी किल्ली होती.

बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाऊसाहेबांची थोरली बहीण राहत असे. 'आम्हीच सांभाळतो तिला,' असं भाऊसाहेबांनी सकाळी दोनदा सांगितलं होतं. ताई खिडकीत बसून स्वेटरचं कोपर रफू करत होती. बाजूला दुकानातून आलेलं पुडकं होतं. शंकाबाईंना बसायला सांगून तिने ते उघडलं. दोरा कापला नाही. नखाने एकेक गाठ सोडवली, दोरा जुन्या तुकड्याला गाठ मारून जोडला आणि तो सगळा बोटांवर गुंडाळून डब्यात ठेवला. कागदाची घडी केली. हे सगळं होईपर्यंत शंकाबाई तिच्या बोटांकडे बघत होती.

तेवढ्यात छपरावर काम करणारा एक माणूस दाराशी आला. पन्हळीचा पाइप हलका टाकू की जाड, असं त्याने विचारलं.

"जाड," ताई म्हणाली. "पुन्हा शिडी लावायला लागू नये."

तो गेला. शंकाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. समोर कोटबूट घातलेले मालक बसलेले असताना हा माणूस घराला वळसा घालून इथे विचारायला आला होता. गवंडी आणि सुतार माणसाचे कपडे बघत नाहीत. पैसे कोण देतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

"मोटार गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

ताईने सुईत दोरा ओवला. "कुठल्या वेळचं म्हणताय?"

सकाळपासून शंकाबाईंनी हा प्रश्न साऱ्या आळीला विचारला होता. जो तो लगेच पहाटेचं सांगू लागत होता, कारण मोटार पहाटे गेली हे सगळ्यांनी भाऊसाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. कुठली वेळ, असं उलट विचारणारं माणूस आत्ता पहिल्यांदाच भेटलं होतं.

"संध्याकाळचं," ती म्हणाली. "सगळे समारंभाला गेले होते तेव्हाचं."

"इथेच होते," ताई म्हणाली. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं. "मी कुठे जाणार? मला काय मोटार आहे?"

५

महिन्यातून एकदा मोटारीची देखभाल करायला जो मिस्त्री येई, त्याची शेड दोन रस्ते पलीकडे होती. मिस्त्री आधी तोऱ्यात बोलला. दर खेपेला इंजिन चालू करतो, तेल बदलतो, अगदी फर्स्ट क्लास कंडिशन. शंकाबाईंनी पर्समधून तो पांढरा रुमाल काढून त्याच्या टेबलावर पसरला आणि कुठली फरशी पुसली ते सांगितलं. मिस्त्रीचा तोरा तिथेच उतरला.

इंजिन दोन वर्षांपूर्वीच विकलं होतं. मग गिअरबॉक्स, मग बाकीचं, एकेक करून. भाऊसाहेबांना नड होती आणि बाहेरून कळणार नाही असंच तेवढं ते विकत होते. दिव्यांना आणि रंगाला त्यांनी हात लावू दिला नाही. महिन्याची देखभाल म्हणजे मिस्त्रीने बॉनेटखाली डोकं घालून अर्धा तास उभं राहायचं.

"गिऱ्हाईक कोण?"

"बाहेरगावचा एक शौकीन आहे. नाव नाही सांगितलं."

"दरवेळी तोच?"

मिस्त्री टेबलावरची हत्यारं आवरू लागला. शंकाबाईंची नजर भिंतीवर गेली. तिथे एका खिळ्याला दोऱ्याची वेटोळी टांगली होती. पुडक्यांबरोबर येणारा दोरा असे लोक फेकत नाहीत, कामाला येतो म्हणून अडकवून ठेवतात. तिने एक वेटोळं खाली घेतलं. दोरा एकसंध नव्हता. तुकड्याला तुकडा जोडलेला, गाठीमागून गाठ.

"या शौकिनाचे पैसे कागदात बांधून यायचे ना?" तिने विचारलं. "जुन्याच कागदात, असल्या दोऱ्याने?"

मिस्त्री खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मला त्यांनी शपथ घातलीय हो. पण तुम्हाला सगळं कळलंच आहे, तर बंगल्यामागच्या गल्लीतलं लाकडाचं गोदाम एकदा बघून घ्या."

६

गोदामाचं दार शंकाबाईंनी ठोठावलं नाही. ती परत बंगल्यावर गेली आणि भाऊसाहेब, त्यांची बायको आणि ड्रायव्हरकाका यांना घेऊन आली. भाऊसाहेब वाटभर विचारत होते, चोर सापडला का. ती एवढंच म्हणाली की मोटार सापडली, आणि भाऊसाहेबांची पावलं एकदम जड झाली.

दार ताईनेच उघडलं. तिच्या अंगात रफूचा स्वेटर होता आणि नखांत काळं वंगण. मागे मोटार उभी होती, पितळी दिवे लावून, बॉनेट उघडं टाकून. बॉनेटखाली इंजिन होतं.

शंकाबाईंनीच सांगायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी पहाटे ऐकलेला आवाज कधी झालाच नव्हता, कारण मोटारीच्या पोटात काही नव्हतं. ती आदल्या संध्याकाळीच गेली होती. मिस्त्रीच्या माणसांनी नुसता सांगाडा ढकलत नेला, हलका होता आणि मुकाही. दार उघडलं वडिलांच्या किल्लीने. सकाळी गॅरेज रिकामं बघून भाऊसाहेबांची घाबरगुंडी उडाली असणार, पण मग त्यांच्या लक्षात आलं की आगीपेक्षा चोरी बरी. चोरी खरी वाटावी म्हणून त्यांनी इंजिनाचा आवाज रचला. त्या एका आवाजामुळे सगळे पहाटेचं विचारत बसले आणि संध्याकाळचं कुणी विचारलंच नाही.

"आग?" काका म्हणाले. हा एकच शब्द. मग त्यांच्या डोळ्यांसमोर ते डबे आले असावेत, चिंध्या आल्या असाव्यात आणि वरची तक्तपोशी. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"मी तुम्हाला रजा देणार होतो," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आणि ते गेले नसते तर?" ताईने विचारलं. "या माणसाने कधी रजा घेतलीय? तुला एवढंही ठाऊक नाही. चिंध्या दिसल्या त्या दिवसापासून मला झोप नाही. तुला समजावून उपयोग नव्हता, तू चार दिवस गप्प बसला असतास आणि मग केलंच असतंस. म्हणून मोटारच काढून घेतली. म्हटलं, जाळायला काही नसलं की जाळणार काय."

"इंजिन तू घेतलंस?" भाऊसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "तुझ्याकडे इतके पैसे कुठून आले?"

ताईला या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "बाबांनी आपल्याला सारखंच दिलं होतं," ती म्हणाली. "तुझं लोकांना दिसलं. माझं राहिलं. बंगला माझ्या वाट्याला आला, हेसुद्धा तू विसरलास. तू मला सांभाळतोस असं लोकांना सांगायचास, मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. सांगू दे, म्हटलं."

भाऊसाहेबांची बायको भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या वर्षांत तिने या नणंदेला फक्त कान तुटलेल्या कपातून चहा पाठवला होता.

शंकाबाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिने ताईला तोंडावर विचारलं की काकांना चौकीत नेलं तेव्हा तुम्ही मूग गिळून का बसलात?

ताईची मान पहिल्यांदा खाली गेली. "मला वाटलं, हा सांगेल," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला नेताना बघून तरी याच्या तोंडून खरं निघेल. दिवसभर वाट बघितली. भावाची परीक्षा घेत बसले आणि भोगलं काकांनी. ते माझं चुकलंच. आज संध्याकाळी मी चौकीवर जाणार होते, मिस्त्रीला विचारा."

काका मोटारीपाशी गेले, आत वाकून बघितलं, मग सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. जड, घोगरा, जुन्या माणसाच्या खाकरण्यासारखा आवाज. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. हा आवाज विसरणं शक्य नाही असं ते म्हणाले होते, आणि तेवढं एकच त्यांनी खरं सांगितलं होतं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि इस्त्रीच्या कोटावर पडलं.

"बस मागे," ताई म्हणाली. "चौकीवर जायचंय. काकांचं नाव तू घेतलंस, आता तूच पुसायचं."

"या मोटारीतून? दिवसाउजेडी?" भाऊसाहेब घाबरले. "ताई, लोक बघतील."

"बघू देत. आजवर ती त्यासाठीच तर होती."

भाऊसाहेब मागे बसले. काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मोटार गोदामातून बाहेर पडली, बंगल्यावरून गेली आणि चौकीच्या रस्त्याला लागली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघू लागले. मागे बसलेल्या माणसाने एकदा हात वर करून चेहरा झाकला, पण मग हात मांडीवर ठेवला.

शंकाबाई ताईबरोबर दारातच राहिली होती. अहवालात म्हाताऱ्याचं नाव येणार नव्हतं, एवढं तिच्या मनात पक्कं झालं होतं. मोटार जिथे उभी होती तिथे जमिनीवर काळ्या तेलाचे टपोरे थेंब पडले होते. भाऊसाहेबांची बायको सवयीने फडकं शोधू लागली.

"राहू दे ते," ताई म्हणाली, आणि गॅरेजमागचा तो जुना ट्रे आणायला निघाली.